अडीच तिकिटांचे नागपूर

काटोलमध्ये कोणी म्हटले, “उद्या नागपूरला जातोय,” की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “काहून, कोण ॲडमिट हाय?”

यात विचारणाऱ्याची काही चूक नाही. काटोल ते नागपूर हे सुमारे ६० किलोमीटरचे अंतर आपल्या बहुतेक घरांनी कापले ते कुणाच्या आजारपणात, कोर्टाच्या तारखेला, मुलांच्या परीक्षेला किंवा लग्नाच्या खरेदीला. काम झाले की धावत-पळत बस गाठायची आणि रात्री घरी. ताजाबादला उर्सासाठी जाणारी घरे आहेत, पण तिथूनही सरळ परत. शहर पाहायला म्हणून शहरात जाणे आपल्याकडे जवळजवळ होतच नाही.

आमच्या घरात हा विषय निघाला तो अम्मींमुळे. वय ७६. एका रात्री जेवताना त्या म्हणाल्या, “मी नागपूरला पंचवीस-तीस वेळा तरी गेले असेन. पण पाहिलं एकदाही नाही.” अब्बांच्या शेवटच्या आजारात त्यांनी तिथल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात २१ दिवस काढले होते. त्यांचे नागपूर म्हणजे तो व्हरांडा, औषधांचे दुकान आणि बसमधून दिसणारी सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी. “तुमचे अब्बा म्हणायचे, हा किल्ला २६ जानेवारीला सगळ्यांसाठी उघडतात, एकदा जाऊ. ते एकदा काही आलंच नाही.”

थोरली आठवीत, धाकटा चौथीत. दोघांनी लगेच वॉटर पार्क आणि मॉलची नावे घेतली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पाच जणांचे प्रवेश तिकीट, वर आतले खाणे, म्हणजे महिन्याच्या किराण्यातला मोठा भाग. तेव्हा आम्ही एक नियम केला : दिवसभर नागपूर पाहायचे, पण ज्या दारावर तिकीट आहे त्या दारात जायचे नाही. मुलांना वाटले, मग काही पाहायलाच मिळणार नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही तसेच वाटले होते.

शून्य रुपयांचे तिकीट

२६ जानेवारीला शाळेतले झेंडावंदन आटोपून मुले गणवेशातच स्टँडवर आली. अम्मींनी पांढरी ओढणी घेतली होती. पिशवीत शामी कबाब, रोट्या, लिंबाचे लोणचे, पाण्याच्या बाटल्या, एक सतरंजी आणि अर्थातच काटोलची संत्री.

प्रवासखर्चाचा हिशोब आम्ही आधी कधी नीट केलाच नव्हता. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे. ५ ते १२ वयाच्या मुलांनाही निम्मे. म्हणजे आमच्या घरात एक पूर्ण तिकीट, तीन अर्धी आणि अम्मींचे शून्य. पाच माणसे, अडीच तिकिटे.

वाहकाने अम्मींचे आधार कार्ड पाहिले आणि यंत्रातून तिकीट काढून त्यांच्या हातात दिले. अम्मींनी पैसे पुढे केले. “आजी, तुमचं झिरो हाय. ठेवा ते, नातवाले चॉकलेट घ्या.” अम्मींनी ते तिकीट घडी करून बटव्यात ठेवले. कोणी मागेल म्हणून नव्हे. स्वतःच्या नावावर काढलेले, आजारपणाचे नसलेले त्यांचे ते पहिलेच तिकीट होते, असे त्या नंतर म्हणाल्या.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मृग बहाराची फळे लागलेल्या बागा होत्या. कळमेश्वर गेले, काटोल नाका आला, आणि शहर सुरू झाले.

वर्षातून मोजके दिवस उघडणारा किल्ला

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सामान्य लोकांसाठी तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी उघडतात, आणि त्या दिवशी प्रवेशाला पैसे लागत नाहीत. गणेशपेठच्या बसस्थानकावरून आम्ही ऑटोने थेट तिथे गेलो, कारण दुपारनंतर दार बंद होते.

रांग मोठी होती. कडेवर लेकरे घेतलेल्या आया, कॉलेजची मुले, खेड्यांतून आलेली म्हातारी माणसे. सामान तपासले गेले, ओळखपत्र पाहिले गेले. आमच्या पिशवीतला कबाबाचा डबा उघडून पाहणारा जवान हसला आणि “आगे चलिए अम्माजी” म्हणाला. फोटो कुठे काढायचे आणि कुठे नाही हे तिथले जवान सांगतात. ते निमूट ऐकावे, लष्कराची जागा आहे.

चढ अम्मींना जमेल का, ही आम्हाला धास्ती होती. दर वळणावर थांबत, ओढणीने कपाळ पुसत त्या वर आल्या. धाकटा पुढे पळून परत येत होता आणि “दादी, अजून थोडंच” असे खोटे बोलत होता.

याच टेकड्यांवर नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली. भोसले हरले आणि नागपूरच्या राज्यावर इंग्रजांचा खरा अंमल तिथून सुरू झाला. किल्ल्यात नऊ गजांची एक कबर आहे. १८५७ च्या उठावानंतर फासावर गेलेले नवाब कादर अली आणि त्यांचे आठ साथीदार तिथे विसावले आहेत, असे सांगितले जाते. नवाब हे टिपू सुलतानांच्या वंशातले होते, असेही लोक सांगतात. थोरलीने तिथे थांबून फातिहा पढला. शेजारी एका कॉलेजच्या मुलाने चप्पल काढून हात जोडले. दोघांना एकमेकांशी बोलण्याची गरज पडली नाही.

वरून शहर दिसते : रेल्वे स्टेशन, मेट्रोचा पूल, झाडांत लपलेले सिव्हिल लाइन्स. अम्मींनी विचारले, “ते रुग्णालय कुठल्या बाजूला?” आम्ही बोट दाखवले. त्यांनी त्या दिशेला थोडा वेळ पाहिले, मग पाठ फिरवून धाकट्याला म्हणाल्या, “चल, तोफ दाखव मला.”

चार घोडे आणि एक खांब

किल्ल्यावरून उतरून झिरो माइल गाठायला फार वेळ लागत नाही. वाळूच्या दगडाचा एक खांब आणि चार घोडे, एवढेच तिथे आहे. पाच मिनिटांत पाहून होईल अशी ही जागा, पण आम्ही तिथे पाऊण तास होतो.

भारताचा मध्यबिंदू म्हणून ती प्रसिद्ध आहे. मुळात मात्र ती सर्वेक्षणाची खूण आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ जमीन मोजायला सुरुवात केली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत सारा हिंदुस्थान मोजण्याचे काम पुढे कित्येक दशके चालले. हा लॅम्बटन काम करता करता १८२३ मध्ये आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला वारला. त्याची कबर आजही तिथे आहे. नागपूरचा खांब १९०७ चा. समुद्रसपाटीपासून तिथली उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर, अशी नोंदलेली आहे.

दगडावर गावांची अंतरे मैलांत आहेत : हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, बैतूल १०१, छिंदवाडा ८३. धाकट्याला आम्ही सांगितले, एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर, काढ हिशोब. त्याने वहीच्या मागच्या पानावर हैदराबादचे ५०९ काढले. मग विचारले, “काटोल का नाही लिहिलं?” थोरली म्हणाली, “कारण काटोल त्यांना लांब वाटलं नसेल.”

याच परिसरात गोवारी शहिदांचे स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण गेले. त्यांत बायका आणि लेकरेही होती. आपल्या मागण्या घेऊन गावाकडून आलेली ती माणसे आमच्यासारखीच एसटीने, ट्रकने आली असतील. मुलांना हे सांगावे की नाही असा प्रश्न आम्हाला पडला होता. सांगितले. शहर दाखवायचे तर तेवढेही दाखवायला हवे.

जेवण कस्तुरचंद पार्कवर. सकाळच्या सरकारी ध्वजवंदनाचा मांडव अजून उभा होता. सतरंजी टाकली, डबे उघडले. शेजारच्या कुटुंबाने आम्हाला भाजलेल्या शेंगा दिल्या, आम्ही त्यांना संत्री दिली. “काटोलची का? मग गोडच असतील.” जोहरच्या नमाजसाठी पुरुष मंडळी सदरमधल्या मशिदीत जाऊन आली. अम्मींनी आणि थोरलीने झाडाखाली सतरंजीची स्वच्छ बाजू वर करून नमाज पढली. बाटलीतल्या पाण्याने वजू करता आला. कोणी अडवले नाही, कोणी टक लावून पाहिलेही नाही.

दीक्षाभूमीची सावली

झिरो माइलच्या स्टेशनवरून मेट्रो पकडली. नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली आणि झिरो माइलचे स्टेशन ऑगस्ट २०२१ मध्ये. तिचे तिकीट लागते, पण ते थोडे असते आणि मुलांसाठी ती गाडीच एक प्रेक्षणीय स्थळ होती. अम्मी सरकत्या जिन्याकडे पाहूनच मागे हटल्या. आम्ही लिफ्टने गेलो. राहाटे कॉलनीला उतरून पुढे ऑटो केला.

दीक्षाभूमी सर्वांसाठी उघडी आहे आणि प्रवेशाला पैसे नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजचा भव्य पांढरा स्तूप त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पूर्ण झाला. १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बाहेर एका स्तंभावर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा कोरलेल्या आहेत. जवळ बोधिवृक्ष आहे.

आत शिरताच आवाज आपोआप खाली येतात. वरचा घुमट आतून पोकळ आहे. त्याखाली उभे राहिले की माणूस स्वतःच लहान होतो. मुले कुजबुजत बोलत होती. बाहेर पायरीवर बसल्यावर अम्मींनी एक गोष्ट सांगितली, जी आम्हीही कधी ऐकली नव्हती. त्या सहा-सात वर्षांच्या असताना मोहल्ल्यामागच्या वस्तीतली माणसे पांढरे कपडे घालून नागपूरला गेली होती. परत आली तेव्हा त्यांतल्या एका बाईने विहिरीवर त्यांच्या आईला सांगितले होते, “आता आम्ही कोणाले भेत नाही.” थोरलीने ते वहीत लिहून घेतले. तिच्या इतिहासाच्या पुस्तकात ही तारीख आहे, पण ती बाई नाही.

जुम्मा तलाव, जुम्मा दरवाजा

दिवसाचा शेवट बसस्थानकाजवळ करायचा होता, म्हणून गांधीसागर तलाव आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला. त्याचे जुने नाव जुम्मा तलाव, कोणी शुक्रवारी तलाव म्हणतात. नागपूरची कितीतरी नावे अशी वारांवरून आहेत : इतवारी, मंगळवारी, बुधवारी.

नागपूर वसवले ते देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी. औरंगजेबाच्या काळात त्यांनी इस्लाम स्वीकारला होता. १७०२ च्या सुमारास बारा वस्त्या एकत्र करून त्यांनी या शहराचा पाया घातला. त्यांचे पुत्र चांद सुलतान यांनी इथे राजधानी आणली, शहराला तट बांधला, दरवाजे उभारले आणि हा तलाव केला. त्या तटाचा उरलेला जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून ओळखला जातो. तो महालात आहे, भोसल्यांच्या जुन्या नागपुरात.

महालात जायचे म्हटल्यावर अम्मी थांबल्या. मार्च २०२५ मध्ये याच भागात दंगल झाली होती. अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली होती. त्या दिवसांत काटोलला बसून आम्ही नातेवाइकांना फोन लावत होतो. “तलाव पाहिला ना, बस्स झालं,” अम्मी म्हणाल्या. थोरली म्हणाली, “दादी, दरवाजा आपल्या पुस्तकात आहे. लांबून तरी बघू.” आम्ही दोघांनीही लगेच होकार दिला नाही. मुलीला काय सांगायचे, हा प्रश्न होता. भीती खोटी आहे असे सांगता येत नव्हते, आणि शहराचा एक भाग आपला नाही हेही सांगवत नव्हते.

गेलो. रस्त्यावर पोहेवाला तर्रीचे भांडे घासत होता. दुकानदार गिऱ्हाइकाशी भावावरून वाद घालत होता. दुचाक्या, गाय, क्लासला निघालेली मुले. दरवाज्याच्या कमानीखालून अख्खी वाहतूक जात होती आणि त्यात आम्ही पाच जण, तीन बुरखे-ओढण्या आणि दोन टोप्या. कोणी वळून पाहिले नाही. आम्हाला तेच हवे होते. धाकट्याने कमानीच्या दगडाला हात लावून पाहिला. अम्मी म्हणाल्या, “तीनशे वर्षांचा आहे म्हणता ना? मग यानं बरंच पाहिलं असेल.” त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत.

परत तलावाकाठी आलो तेव्हा ऊन उतरले होते. काठाशी प्लॅस्टिक तरंगत होते, ते पाहून मुले नाराज झाली. आम्ही आपल्या शेंगांची टरफले, संत्र्यांची साले पिशवीत भरून घेतली. असरची वेळ निघून जाऊ नये म्हणून बसस्थानकाकडे निघालो.

फुकट म्हणजे काय?

घरी येऊन हिशोब केला. जाताना अडीच तिकिटे, येताना अडीच. मेट्रो. चहा दोनदा. दिवसाचा सर्वांत मोठा खर्च ऑटोचा निघाला, आणि त्यातही एका ठिकाणी भाव आधी न ठरवल्यामुळे आम्ही जास्त दिले. दारावरचे तिकीट मात्र एकही नाही.

दारावरचे पाच-पन्नास रुपये एकट्या माणसाला लहान असतात. तेच पाच जणांनी गुणले की घरातली आई किंवा सून म्हणते, “तुम्ही जा, मी घरी थांबते.” म्हातारी माणसे तर आधीच नाही म्हणतात. ज्या जागेला तिकीट नसते तिथे अख्खे घर जाते, हा खरा फरक आहे. लंडनची मोठी राष्ट्रीय संग्रहालये २००१ पासून विनामूल्य झाली, ती याच विचाराने. आपल्याकडे तलावाचा काठ, मैदान, जुनी कमान या जागा आधीपासून सर्वांच्या आहेत. आपण तिथे गेलो नाही तर त्या ओस पडतील, आणि कचरा करून आलो तर पुढच्यांसाठी उरणार नाहीत.

बसमधून उतरलो तेव्हा स्टँडवर मोहल्ल्यातल्या एक बाई भेटल्या. अम्मींना पाहून काळजीने म्हणाल्या, “खाला, नागपूरवरून येताय? कसं आहे आता पेशंटचं?”

अम्मी म्हणाल्या, “चांगलं आहे. किल्ला चढून आली.”

जाण्यापूर्वी

● किल्ला पाहायचा असेल तर २६ जानेवारी, १ मे किंवा १५ ऑगस्ट हे दिवस धरा. आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वेळ पाहून घ्या आणि सकाळी लवकर जा.

● सर्वांची ओळखपत्रे सोबत ठेवा. एसटीच्या सवलतीला आणि किल्ल्याच्या दारावर तेच आधार कार्ड चालते. एसटीची सवलत शहर बस किंवा मेट्रोला लागू धरू नका.

● झिरो माइल, कस्तुरचंद पार्क, दीक्षाभूमी, जुम्मा तलाव आणि दरवाजा, फुटाळा तलावाचा काठ, ताजाबाद, तसेच कामठीचे ड्रॅगन पॅलेस इथे प्रवेशाला पैसे लागत नाहीत. अजब बंगला म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, महाराजबाग आणि रमण विज्ञान केंद्र इथे तिकीट आहे. अजब बंगला सोमवारी बंद असतो.

● एका दिवसात चारपेक्षा जास्त ठिकाणे ठरवू नका. सोबत वृद्ध असतील तर दोन ठिकाणांमध्ये बसायची जागा आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी विचारून ठेवा. मेट्रो स्टेशनचा यासाठी उपयोग होतो.

● जेवण घरून न्या. नमाजसाठी एक सतरंजी आणि वजूसाठी पाण्याची एक जादा बाटली ठेवा. बायकांसाठी सगळ्याच मशिदींत सोय असेल असे गृहीत धरू नका.

● ऑटोत बसण्याआधी भाव ठरवा. आम्ही एकदा विसरलो, तुम्ही विसरू नका.

● दीक्षाभूमीला १४ ऑक्टोबर आणि दसऱ्याच्या सुमारास लाखो लोक येतात. लहान मुलांना घेऊन निवांत पाहायचे असेल तर इतर दिवस निवडा.

● आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला आधी विचारा, त्यांना काय पाहायचे राहून गेले आहे. ठिकाणांची यादी तिथून सुरू करा.